पिंपळाखालचा मान

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
६ जानेवारी २०२५

कडुबा,

मायना काय लिहावा ते दोन दिवस ठरेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. मी नाना मोकासे, जांभूळखेड्याचा. चव्वेचाळीस वर्षांनी लिहितोय. तू उस्मानपुऱ्यात राहतोस हे मला पंधरा वर्षांपासून ठाऊक आहे. माझ्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटं. तरी आलो नाही आणि आताही पत्रच धाडतोय, यावरून काय ते समज.

परवा विद्यापीठातून एक मुलगी आली होती. अपेक्षा नाव, गंगापूरकडची, समाजशास्त्रात पीएच. डी. करते. टेबलावर तिनं एक झेरॉक्स ठेवली. 'श्री कोंडाजीबाबा यात्रा माहिती, सन १९८१. लेखक : नानासाहेब मोकासे.' ती आठ पानी पुस्तिका मी कित्येक वर्षांत हातात धरली नव्हती. तिनं त्यातलं वाचून दाखवलं : "दुष्काळ पडला असता बाबांनी गावकुसाबाहेरील मंडळींस पिंपळाखाली बसवून स्वहस्ते वाढले. तेव्हापासून पिंपळाखालची पंगत हा त्यांचा पूर्वापार मान होय."

"सर, याला आधार काय?" तिनं विचारलं.

"जुनी माणसं सांगायची."

"कोणती जुनी माणसं?"

मी चष्मा पुसायला घेतला. ती घाईत नव्हती. म्हणाली, "मी सगळं धुंडाळलं, सर. देवळातला फलक, तालुक्याची माहिती देणारं एक पुस्तक, पेपरातले दोन लेख. सगळीकडं हीच वाक्यं आहेत. शेवटचं 'होय'सुद्धा तसंच. तुमच्या पुस्तिकेच्या मागं मात्र काही सापडत नाही. कुणाच्या ओवीत नाही, जुन्या कागदात नाही. आमच्या विषयात याला समाजरचित म्हणतात. माणसं मिळून एखादी गोष्ट ठरवतात, मग आपणच ठरवली होती हे विसरतात, आणि नातवंडांना ती डोंगरासारखी वाटते, आधीपासूनच असलेली."

मला समजत नाही असं वाटून तिनं उदाहरण मागितलं, तर मी माझी जन्मतारीख सांगितली. एक जून. तुझीही एक जूनच. शाळेत घालताना गुरुजींनी लिहिली, आणि आपण दोघं कागदावर एकाच दिवशी जन्मलो. पुढं मास्तर झाल्यावर मीही दोन-तीनशे पोरं एक जूनला जन्माला घातली. त्या तारखेनं नोकऱ्या लागल्या, त्याच तारखेनं माणसं निवृत्त झाली. ती पोरगी खूप हसली आणि वहीत लिहून घेतलं.

पण तिचं एक चुकत होतं, आणि ते मी तिला सांगितलं नाही. सगळे विसरत नाहीत. एकाच्या लक्षात असतं. तो बोलत नाही, एवढंच.

तुला हे सगळं माहीत आहे, तरी लिहितो, कारण मला ते एकदा क्रमानं लिहायचंय. बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर आपण दोघं मातीच्या एकाच पाटीवर होतो. सगळं गाव एका रांगेत बसून सरकारी सुकडी खायचं. त्याआधी शिवाशिव होती, ती त्या कामावर विरली. पुढं नऊ वर्षं बाबांच्या भंडाऱ्यालाही एकच रांग बसली. मग अठ्ठ्याहत्तर साली नामांतरावरून मराठवाड्यात जे झालं ते आपल्या गावात झालं नाही, पण गावाचं मन आकसलं. यात्रा कमिटीचे अध्यक्ष मालनचे, म्हणजे माझ्या बायकोचे, मामा. त्यांना पंगत पुन्हा वेगळी हवी होती. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. अठ्ठावीस वर्षांचा होतो, नवी नोकरी होती. मजकूर छापायला औरंगाबादला गेला तो तुमच्याच प्रेसमध्ये. तिथं तू जुळारी होतास, छपाईचे खिळे जुळवायचास. तुझ्या हातात तो पडला, हे मला नंतर कळलं.

तेव्हापासून तू माझ्याशी बोललेला नाहीस.

येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी उभा राहून सांगणार आहे की ती गोष्ट मी लिहिली, बाबांचा तिच्याशी काही संबंध नाही. तुझ्याकडून काही नको. दुसऱ्या कुणाकडून कानावर येण्याआधी तुला कळावं, म्हणून हे पत्र.

नाना

*

गारखेडा
१५ जानेवारी २०२५

कडुबा,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

काल संक्रांतीला मालनला घेऊन गावी जाऊन आलो. तुझी भाची सुलेखा भेटली. आवडाक्काची ही धाकटी लेक गावातच दिलेली, आता ग्रामपंचायतीची सदस्य आहे, हे तुला माहीत असेलच. पंगत एक करा म्हणून तिनं ग्रामसभेसाठी अर्ज दिलाय. मला वाटायचं, नव्या पोरांपैकी कुणीतरी हे काढलं असेल. ती बेचाळीस वर्षांची बाई आहे आणि तिचा आवाज चढत नाही.

"आम्हाला बाबाचा परसाद नको, सर," ती म्हणाली. "आम्ही बुद्धाचे. पण भंडारा गावाचा हाये ना? लाकडं आमच्याबी घरची जातात, चुलाणं खांदायला आमचेबी माणसं असतात. मग जेवायलाच आम्ही पिंपळाखाली कामून?"

मी तिला खरं सांगितलं. वाटलं होतं, तिला बरं वाटेल.

"तुम्ही मला चौथीला होते, सर. ही गोष्ट तुम्ही यात्रेच्या आदल्या दिवशी वर्गात वाचून दाखवायचे. बाबानं तुमच्या लोकाला हातानं वाढलं म्हणून. सगळा वर्ग माझ्याकडं बघायचा आन् मला लई भारी वाटायचं."

तिनं तिळगूळ दिला. गोड बोला असं काही ती म्हणाली नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं की मालनच्या मामांनी सांगितलं, मी लिहिलं. ते तसं नव्हतं. मामांना नुसती वेगळी पंगत हवी होती. कमिटीतले दोघं-तिघं घाबरत होते, कुणी तक्रार केली तर पोलीस येतील म्हणून. तेव्हा मी म्हणालो, "वेगळं म्हणू नका. मान म्हणा." पिंपळ माझा. दुष्काळ माझा. बाबांनी स्वहस्ते वाढलं, हेही माझंच. तिथं बसल्या बसल्या सुचलं, दहा मिनिटं लागली असतील. मामांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांना म्हणाले, मास्तराचं डोकं बघा. तो दिवस मला फार आवडला होता, कडुबा. छापील कागदावर माझं नाव पहिल्यांदा येणार होतं.

येताना एसटीत मालननं विचारलं, "आवो, सभेत माझ्या मामाचं नाव घेणार का?"

"घ्यावं लागेल."

"ते वारले त्याला वीस वर्सं झाली. आता बद्रीनाथ अध्यक्ष हाय. माझा एकच मामेभाऊ. माझं माहेर तेवढंच राह्यलंय."

कन्नडचा स्टँड येईस्तोवर ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "त्या भंडाऱ्याला पिंपळाखाली वाढायला कायम मलाच धाडायचे. मास्तराची बायको म्हणून. मी वरून वाढायची, हात लागू नाय म्हणून. ते कुठं लिहिलेलं होतं?"

ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. ते मी शिकवलं नव्हतं, तरी माझ्याच गोष्टीतून निघालेलं होतं.

मी बोलणार आहे. हे तुला दुसऱ्यांदा लिहितोय, कारण लिहिलं की मला मागं फिरता येत नाही.

नाना

*

गारखेडा
२८ जानेवारी २०२५

कडुबा,

बोललो. कसं झालं ते जसंच्या तसं सांगतो.

झेंडावंदनानंतर शाळेच्या पटांगणात सभा बसली. सुलेखानं अर्ज वाचला. बद्रीनाथ उठला. त्याचा स्वभाव वाईट नाही. लोकांच्या अडीनडीला धावतो, म्हणूनच त्याचं चालतं. तो म्हणाला, "ताई, तुमाला कोणी हलकं लेखतंय का? उलट तुमचा मान हाये तो. बाबाची आज्ञा. आपुन कोण बदलणारे?"

मी हात वर केला. निवृत्त मास्तर, म्हणून लगेच बोलू दिलं. मी सांगितलं, ही आज्ञा बाबांची नाही. एक्क्याऐंशी साली पौष महिन्यात, मामांच्या ओसरीवर, आम्ही पाच जणांनी ती ठरवली आणि मी लिहिली. पाचातला मी एकटा जिवंत आहे. वेगळी पंगत बसवायची होती, तिला मान हे नाव मी दिलं.

मला वाटलं होतं, आरडाओरडा होईल. झालं भलतंच. लोक हसले.

मागून कुणीतरी म्हणालं, "सर, वय झालं तुमचं." गणपत मिस्त्रीचा पोरगा उठला, पन्नाशीचा असेल. "माझ्या आजीनं मला ही गोष्ट सांगितली. ती काय पुस्तक वाचून सांगत व्हती का?" अरे, त्याच्या आजीला ती पुस्तिका त्यानंच वाचून दाखवली होती. शाळेतून नेलेली प्रत, मीच दिलेली. पण हे सांगून पटणार कसं? त्याला आजीचा आवाज आठवतो, पुस्तिका आठवत नाही.

मग बद्रीनाथ बोलला, आणि तो काही मूर्ख नाही हे मला पुन्हा कळलं. "समजा गुरुजींनीच लिहिलं. पण त्यांच्या मनात ते घातलं कोणी? बाबानंच ना! बाबानं त्यांच्याकडून लिहून घेतलं." टाळ्या पडल्या. माझा खोटेपणा त्यांनी माझ्या हातून काढून देवाच्या हाती दिला.

सुलेखा म्हणाली, "मग आता बाबा त्यांच्याकडून खरं बोलून घेतोय असं धरा." दोन-चार बाया हसल्या. तेवढ्यात आवडाक्का उठली.

ती ऐंशीला आली आहे, पण ताठ आहे. मला वाटलं, लेकीच्या बाजूनं बोलेल. ती माझ्याकडं वळली. "नाना, इतकी वर्सं मी त्या पिंपळाखाली बसले. दरसाली नवं लुगडं नेसून बसले. बाबानं आपल्या माणसाला हातानं वाढलं, ते आठवून बसले. आन् आज तू म्हणतो ते खोटं व्हतं? मग मी काय खात व्हते तिथं?"

"आक्का, मी..."

"पयलं लिहून माझा साऱ्यांत बसायचा सादा मान काढला. आता बोलून हाबी काढतो. तुला दुसरा धंदा नाय का?"

ती घरी निघून गेली. सुलेखा तिच्यामागं धावली. बद्रीनाथनं ठराव पुढं ढकलला. म्हणाला, "गुरुजींच्या हातचा तेव्हाचा कागद असेल तर आणा, मग बघू. नायतर यात्रा हाये तशी व्हईल." यात्रा माघी पौर्णिमेला, १२ फेब्रुवारीला.

तुझ्याकडून काही नको असं मी म्हणालो होतो. आता मागतोय. माझ्या हातचा तो मजकूर तुमच्या प्रेसमध्ये राहिला होता. त्यात माझी खाडाखोड होती. आधी 'वेगळी पंगत' लिहिलेलं खोडून वर 'मानाची पंगत' केलेलं होतं. जुळाऱ्यांना जुने कागद ठेवायची सवय असते. तुझ्याकडं असेल तर दे. नसेल तर तू येऊन सांग. तुझं ऐकतील.

अपेक्षा म्हणते, तिला प्रबंधात हे सगळं घालायचं आहे, माझ्या नावानिशी. मी हो म्हटलं.

नाना

*

उस्मानपुरा
३ फेब्रुवारी २०२५

नाना,

तिन्ही पत्रं मिळाली.

कागद माझ्याकडं नाही. काम झालं की मजकूर रद्दीत जायचा. असता तरी दिला असता का, सांगता येत नाही.

तू पहिल्या पत्रात खोटं लिहिलंस, दुसऱ्यात ते थोडं दुरुस्त केलंस, तिसऱ्यात त्याचा उल्लेखच नाही. राहिलेलं खोटं मी सांगतो. तू लिहितोस, मजकूर माझ्या हातात पडला हे तुला नंतर कळलं. तू स्वतः प्रेसमध्ये आला होतास. दुपारी, पांढरा शर्ट घालून. मालकाला म्हणालास, "हे कडुबालाच द्या, त्याचं काम सुबक असतं." आणि दारात थांबून मी पहिलं पान हातात घेतो की नाही ते बघत होतास. मी वर पाहिलं तर तू हसलास.

खिळे उलटे असतात. उलटं वाचायची आमची सवय. तुझा मजकूर एकेक अक्षर हातात घेऊन उलटा वाचला मी, आणि तरी तो मला सरळच समजला. पिंपळाखाली म्हणजे कोण, मंडळी म्हणजे कोण. मालकाला नाही म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही. लग्नाला वर्ष झालं होतं, नोकरी पक्की होऊन सहा महिने. तू कारणं लिहितोस, तशी माझीही आहेत. 'मान' हा शब्द त्या आठ पानांत अकरा वेळा आहे. मी मोजलेला नाही, मी जुळवलाय.

पण तुझ्याशी बोलणं सोडलं ते त्या दिवसामुळं नाही. यात्रेला गावी गेलो. आवडाक्का नवं लुगडं नेसून पिंपळाखाली बसायला निघाली होती. मी म्हणालो, आक्का, जाऊ नको. ती म्हणाली, "आरं, तूच छापलंय ना? मग खरं असंल. तू आपल्या लोकाचं खोटं कशाला छापशील?" मालनवहिनींच्या मामानं वस्तीत घरोघर सांगितलं होतं की तुमच्याच माणसानं जुळवलंय, त्याची हरकत नाही. तुझ्या हुशारीवर तिनं विश्वास ठेवला नव्हता, नाना. माझ्या हातावर ठेवला होता. त्या वेळी मला तोंड उघडता आलं नाही. त्यानंतर यात्रेला मी कधी गेलो नाही. आक्काच वर्षातून एकदा माझ्याकडं येते. आम्ही दोघं त्या विषयावर बोलत नाही.

तू सभेत पाच जण म्हणालास. सहा होते.

मी गावी येणार नाही. गुडघे चालत नाहीत, आणि तू बोलावतोस म्हणून तर मुळीच येणार नाही.

जय भीम.
कडुबा

*

गारखेडा
५ फेब्रुवारी २०२५

कडुबा,

तुझं पत्र वाचून दोन दिवस बसून राहिलो नाही. वाचलं तसं लिहायला घेतलं, कारण थांबलो की मी सजवायला लागतो. माझा तो दोष तुझ्याइतका कुणालाच माहीत नाही.

मी प्रेसमध्ये आलो होतो. काम तुलाच द्या असं मीच म्हणालो होतो. काम सुबक म्हणून नाही. मामांना भीती होती की वस्ती बिथरेल. मी म्हणालो, कडुबाकडून जुळवून घेऊ, म्हणजे वस्तीचा होकार धरता येईल. तू नाही म्हणणार नाहीस हे मला माहीत होतं, तुझी नोकरी मला माहीत होती. त्या दिवशी तू मान वर केलीस तेव्हा मी हसलो, कारण जमलं असं मला वाटलं. त्यानंतर तुझ्या अंगणातून मी कधी गेलो नाही, ते लाजेनं नाही. तू विचारशील या भीतीनं.

हे सभेत सांगायचं राहिलं नव्हतं. मी राखून ठेवलं होतं. सगळ्या गावासमोर अपराधी व्हायला मला जड गेलं नाही, त्यात थोडी शान असते. हे मात्र फक्त तुझ्यासमोरचं होतं, म्हणून लपवलं.

एक गोष्ट तुझी मान्य नाही. सहा नव्हते. ठरवणारे पाच होते. तुला आम्ही वापरलं. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. खरं तेच लिहायचं ठरवलंय, म्हणून लिहितो.

आज बद्रीनाथला फोन केला. कागद मिळणार नाही, असं सांगितलं. तो म्हणाला, "झालं मग, दाजी. आता जेवायला या नुसतं." मी म्हणालो, येतो. मी पंगतीत जाऊन काय करणार हे मला अजून माहीत नाही. घरी बसणार नाही एवढं नक्की. मालनला सांगितलं, तू नाही आलीस तरी चालेल. यात्रेला आठवडा आहे, तरी पिशवीत तिनं दोन लुगडी घातली, म्हणजे मुक्कामाची तयारी.

नाना

*

गारखेडा
१४ फेब्रुवारी २०२५

कडुबा,

भंडारा झाला. काय झालं ते सुलेखानं तुला फोनवर सांगितलं असेल, पण तिथं सगळं एकदम घडत होतं, आणि काही गोष्टी तिच्या मागं घडल्या. मी पाहिलं तेवढं लिहितो.

देवळापुढच्या मांडवात चार रांगा मांडल्या होत्या. पिंपळाखाली दरवर्षीसारखी सतरंजी अंथरली होती. तुमच्या भीमनगरातली बरीच घरं या वर्षी आलीच नाहीत, सुलेखानं तसं ठरवून घेतलं होतं. पंधरा-वीस जण आले, बहुतेक म्हातारी माणसं. ती मांडवाच्या कडेला उभी राहिली. मी ठरवलं होतं, सगळ्यांदेखत जाऊन पिंपळाखाली बसायचं. खरं सांगतो, चार पावलं टाकलीही होती.

सुलेखानं मला अडवलं. "तुम्ही तिथं बसून काय करता, सर? सतरंजी तशीच राहील. फोटोत मात्र तुम्ही येसाल."

ती बरोबर होती. मी जागीच थांबलो. आणि मग आवडाक्का आली.

जुनंच लुगडं होतं, घरात नेसायचं. ती पिंपळापाशी गेली. सगळ्यांना वाटलं, बसणार. तिनं वाकून सतरंजीचं टोक धरलं, एकटीनं गुंडाळली, खोडाला टेकवून ठेवली आणि मांडवात आली. पहिल्या रांगेत, बद्रीनाथच्या दोन पत्रावळ्या अलीकडं, जागा मोकळी होती. तिथं ती मांडी घालून बसली.

बद्रीनाथ हळू आवाजात म्हणाला, "मावशी, तुमचा मान तिकडं हाये."

"मला मान-बिन नको," आक्का म्हणाली. "भूक लागली म्हणून जेवायला आले. गावाचं जेवण हाये ना?"

"बाबाची आज्ञा..."

"बाबाची नाय. माझ्या भावाचा फोन आला व्हता परवा. तो रडला. म्हणला, आक्का, ते खोटं व्हतं, मला कळत व्हतं, तरी मी छापलं. चव्वेचाळीस वर्सांत तो माझ्यापाशी कधी रडला नव्हता. बाबा काय म्हणतो ते तुला ठाऊक, बद्री. माझा भाऊ काय म्हणतो ते मला ठाऊक."

तू फोन केला होतास, हे मला तेव्हा कळलं. मला पाठवलेल्या पत्रात तू येणार नाही म्हणालास. तू आक्कापाशी मन मोकळं केलंस, ते तिच्याच तोंडून ऐकलं. मी सभेत केलं ते भाषण होतं. तुझ्या फोननं ती सतरंजी उठली.

मग लोक उठायला लागले. आधी बद्रीनाथच्या घरचे, मग त्यांच्या भावकीतले. कुणी शिवी दिली नाही, कुणी भांडलं नाही, नुसते पत्रावळी तशाच ठेवून चालते झाले. आपलंच गाव एवढ्या शांतपणे उठून जाईल असं मला वाटलं नव्हतं. गणपत मिस्त्रीचा पोरगा उठला, दोन पावलं गेला, परत येऊन बसला, पुन्हा उठला आणि शेवटी गेला. त्याच्या तोंडावरून कळत होतं की त्याला आजी आठवतेय. मला त्याचा राग आला नाही. ती गोष्ट त्याला मीच शिकवली होती.

वाढणाऱ्या बाया बादल्या धरून उभ्याच राहिल्या. कुणी पुढं होईना. मालन माझ्याजवळ होती. तिनं पदर खोचला, एकीच्या हातून भाजीची बादली घेतली आणि पहिल्या रांगेत गेली. बद्रीनाथ अजून तिथंच उभा होता. त्यानं तिला एवढंच म्हटलं, "ताई, माहेराला यायचं नाय का तुला?"

"येईन की," मालन म्हणाली. "तू दार लाव, मी वाजवीन."

ती वाकली, अगदी पत्रावळीपाशी, आणि आक्काला वाढलं. वरून नाही.

मग भीमनगरातले म्हातारे आत आले. सुलेखा आईशेजारी बसली. माळीगल्लीतली दोन कुटुंबं बसली, आमच्या भावकीतला एक जण बसला, शाळेतल्या दोन तरुण मास्तरीणबाया आल्या आणि बसल्या. अपेक्षाही आली होती. वही बाहेर काढणार होती, मग ठेवून दिली आणि जेवायला बसली. चार रांगा मांडल्या होत्या, एक भरली. मीही बसलो, रांगेच्या शेवटी, कारण तिथं जागा होती.

जेवण झाल्यावर हात धुताना आक्का माझ्याजवळ आली. मला वाटलं, काही चांगलं बोलेल. ती म्हणाली, "तुला माफ केलं असं समजू नको, नाना."

"नाही समजत, आक्का."

"मरेस्तोवर करायची नाय. पण भंडाऱ्याला येत जा."

बद्रीनाथनं काल जाहीर केलंय की पुढच्या वर्षी कमिटीचा भंडारा देवळात आणि फक्त ज्यांना रीत मान्य आहे त्यांच्यासाठी होईल. म्हणजे आता त्याला नवी रीत रचावी लागेल आणि ती कोण रचतंय हे सगळे बघतील. सुलेखा आणि आम्ही ठरवलंय की गावाचं जेवण त्याच दिवशी शाळेच्या पटांगणात करायचं. ग्रामसभेकडं त्याचा अर्ज गेला. त्यावर माझी सही आहे, मालनची आहे, सुलेखाची आहे आणि आक्काचा अंगठा आहे. मी बहात्तरीला आलोय. पुढच्या वर्षी असलो तर बसेन. नसलो तर मालन बसेल, तिनं तसं सांगितलंय. तीन रांगा भरायच्या बाकी आहेत. एका वर्षात भरणार नाहीत हे मला माहीत आहे.

तुला भेटायला येणार नाही. तू बोलावलंस तर येईन. यापुढं तुझ्याकडं काही मागायला लिहिणार नाही, कळवायला लिहीन. आज कळवायचं राहिलं ते एवढंच, की आक्कानं भाजी दोनदा घेतली. दुसऱ्यांदा तिनं मालनला हाक मारून बोलावलं आणि पत्रावळ पुढं केली.

नाना